मिशनवर निघालेल्या मुलाशी अबोला नको

लीहाय (युटा, अमेरिका) इथून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘आम्ही मूळचे नाशिकचे. यजमानांच्या नोकरीमुळे मुलगा लहान असल्यापासून युटात आहोत. शेजारी, शाळेतले मित्र, बहुतेक सगळे मॉर्मन (हा एक ख्रिस्ती पंथ). गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाल्यावर मुलाने आम्हाला सांगून, पण न विचारता, बाप्तिस्मा घेतला. आता दोन वर्षांच्या मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेसाठी, त्याची नेमणूक फिलिपिन्समध्ये सेबूला झाली आहे. तिथे तो दिवसभर काय करणार, काय खाणार (आमच्या घरी शाकाहार आहे), आजारी पडला तर कोण बघणार, काही कळत नाही. वर्षातून दोनदाच फोन करू देतात असं ऐकलं आहे. यजमानांनी त्याच्याशी अबोला धरला आहे. विमानतळावरही येणार नाही म्हणतात. नाशिकला सासूबाईंना तर अजून काहीच सांगितलेलं नाही. रडून-भेकून त्याला थांबवू, की जाऊ देऊ?’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रडून थांबवू नका. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, सज्ञान आहे. बाप्तिस्मा घेऊन तो वर्षभर टिकला, मुलाखती दिल्या, वैद्यकीय तपासण्या केल्या, मग ही नेमणूक आली. आईच्या रडण्याने तो थांबलाच, तर घरात राहील, पण मनाने दूर जाईल. तुमच्या पत्रात मला जास्त भीती वाटली ती सेबूची नाही, यजमानांच्या अबोल्याची. त्यावर सविस्तर लिहिणार आहे. पण आधी तिकडचं आयुष्य कसं असतं ते सांगते, कारण ते माहीत नसल्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर नाही नाही ती चित्रं येत आहेत.

फोनचं तुम्ही ऐकलंत ते जुनं झालं. पूर्वी खरंच फक्त नाताळ आणि मदर्स डेला घरी फोन करता यायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला. आता आठवड्यातून एकदा, त्यांच्या मोकळ्या दिवशी, घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येतं. या दिवसाला ही मुलं ‘पी-डे’ म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी तो सोमवारी असतो. सेबूत सोमवारचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे हिवाळ्यात रविवारचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात सात. म्हणजे रविवारची संध्याकाळ तुम्ही दोघांनी मोकळी ठेवायची. आजपासून सवय लावा.

दिवस साधारण असा जातो. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. आठच्या सुमाराला धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्याने, मग जोडीदाराबरोबर. त्यानंतर भाषेचा अभ्यास. दहाच्या आसपास बाहेर पडायचं, रात्री नऊपर्यंत परतायचं, साडेदहाला दिवे बंद. जागा आणि हवामान बघून वेळा थोड्या मागेपुढे होतात. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मैत्रीण नाही. फोन मिळतो तो कामासाठी. पांढरा शर्ट, बहुतेक ठिकाणी टाय, आणि छातीवर काळी पट्टी, तिच्यावर ‘एल्डर’ (मिशनवरच्या मुलांची ही पदवी) आणि तुमचं आडनाव. दोन वर्षं सगळे त्याला आडनावानेच हाक मारतील. ते आडनाव तुमच्या घराचं आहे आणि तो ते रोज छातीवर लावून फिरणार आहे, हे यजमानांना जरूर सांगा.

बाहेर पडून करतात काय, तर चालतात. खूप चालतात. कुणी ऐकायला तयार असेल त्याच्याकडे जातात, चर्चला येणं सोडलेल्या सभासदांच्या घरी जातात, अनोळखी दारं ठोठावतात, कुणाचं अंगण साफ करून देतात, कुठे फुकट इंग्रजी शिकवतात. अशा सेवेवरून परतलेल्या एका तरुणाशी मी मुद्दाम बोलले. तो सेबूच्याच परिसरातल्या बेटांवर होता. तो म्हणाला, तिकडे तोंडावर दार कुणी लावत नाही. प्लास्टिकची खुर्ची पुढे करतात, थंड काहीतरी प्यायला देतात, ‘गुरुवारी या’ म्हणतात, आणि गुरुवारी घराला कुलूप असतं. सरळ नकारापेक्षा त्याला हे जड गेलं. पहिले काही महिने जोडीदार बोलायचा आणि हा नुसती मान हलवायचा, कारण भाषा कानावरून जात होती. पी-डेला सकाळी अंगणात प्लास्टिकच्या टबापुढे उकिडवं बसून कपडे धुवायचे. घामाने शर्टाच्या कॉलरवर पिवळी रेघ उमटते, ती साबणाची वडी घासून ब्रशने काढायची. पावसाळ्यात शर्ट घरात पंख्याखाली टांगायचे, तरी ओलसर राहायचे. मंगळवारी तोच ओलसर शर्ट अंगात. हे सांगताना तो हसत होता, पण त्या दिवसांत आपण हसत नव्हतो हेही त्याने सांगितलं.

तेव्हा निघायच्या आत मुलाला हाताने कपडे धुवायला लावा. मशीनला हात लावू देऊ नका.

जोडीदाराचं थोडं नीट समजून घ्या. त्याला ‘कंपॅनियन’ म्हणतात. तो निवडता येत नाही, मिशनचे अध्यक्ष ठरवतात. एकाच घरात राहायचं, एकत्र बाहेर पडायचं, आंघोळ वगळता एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ येते, त्यात कधी गाव बदलतं, कधी जोडीदार. लीहायला स्वतंत्र खोलीत वाढलेल्या मुलाला याची सवय कुठून असणार? जोडीदार घोरणारा असेल, आळशी असेल, घरच्या आठवणीने रात्री रडणारा असेल. चांगला मिळाला तर जन्माचा मित्र होईल. पण एकांत म्हणून काही उरत नाही, हे त्याने आत्तापासून मनाशी धरलेलं बरं. आणि तुमच्या दृष्टीने यातली जमेची बाजू अशी, की आजारी पडला तर तो एकटा नसेल.

जेवणाचं ऐका. ही मुलं बहुतेक स्वतःच रांधतात, अधूनमधून चर्चमधली कुटुंबं जेवायला बोलावतात. सेबू डुकराच्या मांसाच्या ‘लेचोन’साठी प्रसिद्ध आहे, सुकी मासळी तर रोजचीच. बोलावलेल्या घरी शाकाहार सांभाळणं अवघड जाईल. तिथे काय करायचं हे त्याला ठरवू द्या, शपथा घालू नका. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याचं अडणार नाही. तिकडे तिन्ही त्रिकाळ भात. मूग घरोघरी शिजतात. आणि शेवग्याचा पाला, ज्याला सेबूत ‘कमुंगाय’ म्हणतात, परसातून तोडून सर्रास आमटीत घालतात. वांगी, भेंडी, केळी, आंबे आहेतच. म्हणजे मुगाची खिचडी, मुगाची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी एवढं त्याला करता आलं, तर घरचं जेवण सेबूतही होईल. हे तीन पदार्थ त्याच्याकडून करून घ्या, तुम्ही बाजूला खुर्चीवर बसा. चहा-कॉफी त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे, ती त्याने एव्हाना सोडलीच असेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपवास असतो. त्याची चिंता करू नका, उपवास तुमच्या घरात त्याने लहानपणापासून पाहिले आहेत.

एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नसेल. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला ‘बुंबाय’ म्हणतात, बॉम्बेवरून. मोटरसायकलवरून दारोदार फिरून व्याजाने पैसे देणारे पंजाबी सावकार तिथे फार जुने. पाच घ्या आणि सहा परत करा, असा तो व्यवहार, म्हणून त्याला ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात. पोरं ऐकत नसली की ‘बुंबाय घेऊन जाईल’ म्हणून भीती घालतात. गोऱ्या अमेरिकन जोडीदाराकडे लोक कौतुकाने बघतील आणि तुमच्या मुलाला विचारतील, वसुलीला आलास का? युटात जन्म काढलेल्या पोराला हे लागेल. आधी ठाऊक असलं तर तो हसून उत्तर देऊ शकेल, आणि कदाचित त्यातूनच बोलणं सुरूही होईल.

आजारपण आणि वादळं. डेंग्यू आहे, पाण्याची काळजी घ्यावी लागते, भटकी कुत्री आहेत आणि रेबीजही आहे. लसींची यादी घेऊन डॉक्टरांकडे स्वतः जा, तो ‘झालं गं’ म्हणेल तेवढ्यावर राहू नका. घरच्या आरोग्य विम्यातून त्याचं नाव काढू नका. मिशनचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी तीन वर्षांसाठी तिथेच राहायला असतात, मुलांच्या तब्येतीची जबाबदारी त्यांच्यावर असते. मिशनच्या कार्यालयाचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा. २०१३ च्या हैयान वादळाने टाक्लोबान शहर जमीनदोस्त झालं, तेव्हा त्या भागातले दोनशेहून अधिक मिशनरी सगळेच्या सगळे सुखरूप निघाले. डिसेंबर २०२१ मध्ये ओडेट वादळाने खुद्द सेबूला झोडपलं, अनेक भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा परदेशी मुलांना फिलिपिन्समधून बाहेर काढण्यात आलं. तेव्हा संकटं येतात हे खरं, आणि मुलांना वाऱ्यावर सोडत नाहीत हेही खरं. वादळानंतर दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरून जाऊ नका, कार्यालयाला फोन करा.

पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. या कामाला पगार नाही, उलट घरून पैसे भरावे लागतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर ठरवले आहेत. त्यातून राहणं-जेवण निघतं, कपडे आणि किरकोळ खर्च वेगळा. हे कोण भरणार ते मुलाला सरळ विचारा. भरायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. न भरलेत म्हणून आई-बापाचं नातं कमी होत नाही. बऱ्याचदा मुलाच्या इथल्या चर्चचे सभासद मदत करतात. विद्यापीठाचा प्रवेश दोन वर्षं पुढे ढकलण्याची सोय युटात आहे, पण ती लेखी घ्या, शिष्यवृत्ती असेल तर तीही.

आता एक कडू भाग. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तुमचा मुलगा समाजसेवेच्या सहलीला चाललेला नाही. सेबूतली बहुसंख्य माणसं कॅथलिक आहेत, स्पॅनिश काळापासून, शेकडो वर्षं. त्यांनी त्यांचं चर्च सोडून याच्या चर्चमध्ये यावं, हे सांगायला तो चालला आहे. तुमच्या घरात जे झालं आणि तुम्हाला जे सोसावं लागलं, ते आपला मुलगा दुसऱ्या आयांच्या घरात जाऊन करणार, हा विचार तुम्हाला टोचत असेल. तो चुकीचा नाही. मलाही तो टोचतो. मग तो त्याला सांगा. एकदाच, शांतपणे, पूर्ण सांगा: ‘एखादा मुलगा तुझं ऐकून बाप्तिस्मा घ्यायला तयार झाला, तर त्याला आधी घरी बोलून ये म्हण. त्याच्या आईला भेट. आम्हाला जसं न विचारता नुसतं सांगितलंस, तसं तिच्या बाबतीत होऊ देऊ नकोस.’ ही विनंती करायचा अधिकार या जगात त्याच्या आईइतका कुणालाच नाही, आणि ती तो आयुष्यभर विसरणार नाही. पण हे निघायच्या आत. दर आठवड्याच्या फोनवर हा वाद नको.

आणि आता यजमान. हे त्यांनाही वाचायला द्या.

या समाजात मिशन पूर्ण करून आलेल्या मुलाला मोठा मान असतो. मधेच परत आलेल्याकडे मात्र, आजारपणामुळे आला असला तरी, कुजबुजत बघितलं जातं. चर्चचे वरिष्ठ असं करू नका म्हणून सांगतात, तरी गल्लीतली माणसं ती माणसंच. कायद्याने किंवा नियमाने त्याला कुणी धरून ठेवू शकत नाही, तो कधीही परत येऊ शकतो. पण येऊ शकणं आणि येण्याची हिंमत होणं यात फार अंतर आहे. काही मुलं तिकडे मनाने खचतात. झोप जाते, अन्न जात नाही, आणि तरीही ‘आता परत कोणत्या तोंडाने जाऊ’ म्हणून दिवस काढत राहतात. त्याचे बिशप (त्याच्या चर्चचे स्थानिक प्रमुख), त्याचे मित्र, मित्रांचे आईवडील त्याच्यावर माया करत असतील, पण ते सगळे त्याला ‘टिकून राहा’ असंच सांगणार. तो परत आला तर ज्यांना काडीचीही लाज वाटणार नाही अशी माणसं त्याच्या आयुष्यात फक्त दोन आहेत, तुम्ही आणि त्याचे बाबा. तुम्ही त्यांच्या धर्माबाहेर आहात, म्हणूनच ही मोकळीक तुम्ही देऊ शकता. त्याच्या मित्रांच्या घरांना ती देणं इतकं सोपं नाही.

अबोल्याने नेमकी हीच वाट बंद होते. वडील न बोलता राहिले, तर अडचणीत असताना त्याच्या मनात पहिला आवाज येईल तो ‘सांगत होतो ना’ हा. ते ऐकायला लागू नये म्हणून तो तिथेच कुढत राहील. यजमानांना वाटतं आहे की बोलणं बंद ठेवून आपण विरोध दाखवतो आहोत. प्रत्यक्षात मुलगा ज्या माणसांकडे जाऊ नये असं त्यांना वाटतं, त्यांच्याच हाती ते त्याला पूर्णपणे सोपवत आहेत.

त्यांना काय बोलावं सुचत नसेल तर एवढंच म्हणू द्या: ‘तुझं मला पटलेलं नाही. कदाचित कधीच पटणार नाही. पण हे घर तुझं आहे. मधेच यावंसं वाटलं तर कारण विचारणार नाही, तिकीट मी काढीन. पूर्ण करून आलास तरी न्यायला मीच येईन.’ मराठी बापाला हे तोंडाने बोलणं जड जातं, हे मला माहीत आहे. मग लिहून देऊ दे. पण विमानतळावर जायचंच. तिथे इतर मुलांची अख्खी खानदानं आलेली असतात. त्या गर्दीत आपल्या पोराशेजारी फक्त आई उभी आहे, असं होऊ देऊ नका.

जाण्याआधी काय काय होतं तेही सांगते, म्हणजे त्या त्या वेळी धक्का बसणार नाही. एका रविवारी चर्चच्या सभेत तो निरोपाचं भाषण करेल. तिथे कुणालाही बसता येतं. जा. तुमचा मुलगा चार माणसांसमोर उभा राहून बोलणार आहे, ते ऐकायला आईवडील हवेत. त्यांच्या मंदिरातला (ते रविवारच्या चर्चहून वेगळं) विधी मात्र फक्त सभासदांसाठी असतो, तिथे तुम्हाला प्रवेश नसेल. हे आधीच ठाऊक असू द्या. प्रशिक्षणाचा पहिला आठवडा हल्ली सहसा घरूनच, ऑनलाइन असतो. तो तुमच्याच घरात असेल, पण मिशनचे नियम त्याला तेव्हापासूनच लागू. त्या आठवड्यात पाहुणे, पार्ट्या ठेवू नका. पुढे केंद्रात काही आठवडे भाषा शिकायची. ते केंद्र प्रोव्होचं असेल तर तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत आहे, तरीही भेटता येणार नाही. गाडी काढून फाटकापर्यंत जाऊ नका. त्रास तुम्हालाच होईल.

बॅगेत गुपचूप गणपतीची मूर्ती ठेवू नका. द्यायची असेल तर हातात द्या, विचारून. निघताना देवघरापुढे हात जोडायचे की नाही, हे त्याच्यावर सोडा. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवा, त्याला तो कधीच नको म्हणणार नाही.

फोनवर काय बोलायचं? काय रांधलंस, जोडीदार कसा आहे, बुटाला भोकं पडली का, भाषा कितपत जमते. किती जणांना बाप्तिस्मा दिलास, हे विचारू नका. ऐकत मात्र राहा. चेहरा उतरला असेल, उत्तरं एका शब्दात येत असतील, झोप लागत नाही म्हणत असेल, किंवा लागोपाठ दोन आठवडे फोन टाळला असेल, तर आडवळणाने जाऊ नका. ‘परत यायचंय का?’ असं सरळ विचारा. अशा मुलांसाठी मिशनकडे समुपदेशक असतात, त्याला त्यांच्याशी बोलायला सांगा आणि अध्यक्षांना स्वतः फोन करा. आई सभासद नाही म्हणून तिचा फोन कमी महत्त्वाचा ठरत नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना सांगा, आणि तो जायच्या आत सांगा. नंतर दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना धर्म बदलल्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागेल. बातमी तुम्ही देऊ नका, यजमानांनीही नको. नातवाला स्वतःला आजीशी बोलू द्या. जो अनोळखी माणसांच्या दारात उभं राहून आपली श्रद्धा सांगायला निघाला आहे, त्याने ती आधी आजीला मराठीत सांगावी. त्या चिडतील, रडतील, कदाचित फोन ठेवतील. पुन्हा करायचा. सेबूत सोमवारचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नाशिकला साडेसहा वाजलेले असतात, आणि त्या वयात माणसं तेव्हा उठलेली असतात. आठवड्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये त्यांनाही घेता येईल का, हे मुलाला आत्ताच विचारून ठेवा, आणि नाशिकला त्यांना फोन लावून द्यायला सोमवारी सकाळी घरात कोण असेल तेही ठरवा.